ओसरीवरचा राघू



उसाच्या नोंदीसाठी वस्तीवर गेलो की ओसरीला राघूचा पिंजरा दिसतो. हौस कळते, आमच्याही घरी होता. पण आपला हिरवा देशी पोपट पाळायला किंवा विकत घ्यायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. पोरांनी ढोलीतलं पिल्लू काढून आणलं, तर लगेच त्याच ढोलीत ठेवा.

पिंजऱ्यात वाढलेला राघू मात्र एकदम उडवून देऊ नका. पंखात बळ नसतं, चारा शोधणं ठाऊक नसतं, मांजर टपलेलं असतं. वनखात्याला १९२६ नंबरवर कळवा. माणसं येईस्तोवर चहा-चपाती बंद. पेरू, भिजवलेले हरभरे, कोवळा मका द्या; मिरची चालते, तिचा तिखटपणा त्याला लागत नाही. पाणी रोज बदला, पिंजरा सावलीत ठेवा.

— ऊस विकास अधिकारी