कोरडी बोअर बुजवायची, तर खर्च किती?

बोअर मारताना फुटाच्या भावावरून तासभर घासाघीस होते. तीच बोअर आटली, की तोंडावर गोणपाट, त्यावर एक दगड, झालं काम! बुजवायला फार पैसे लागतात अशी समजूत आहे. हिशेब तसं सांगत नाही.

नेहमीची साडेसहा इंची बोअर शंभर फुटांना जेमतेम 23 घनफूट माल खाते. म्हणजे 300 फुटांची बोअर पाऊण ब्रासच्या आत भरते. सांडलवंड धरून एक ब्रास सांगा. कच, बारीक खडी, चाळलेला मुरूम चालेल. बोअर मारताना निघालेला चुरा बांधावर पडून असेल, तर तो फुकटच. वरच्या वीस फुटांत सिमेंटची स्लरी ओता, म्हणजे पावसाचं घाण पाणी आत उतरणार नाही. त्याला चार गोण्या पुरतात. गोणी 350 ते 400 रुपये धरली, तर दीड हजार. माल, ट्रॅक्टरची खेप आणि दोन माणसांची दिवसाची मजुरी मिळून सहा ते आठ हजारांत काम बसावं. गावागणिक भाव थोडे मागेपुढे होतील. अडकलेली मोटार काढायला क्रेन लागली, तर तो खर्च वेगळा.

पैशांपेक्षा इथे सबुरी जास्त लागते. दोरीला वजन बांधून आधी खोली मोजून घ्या. एका घमेल्याला बोअर दीड-दोन फूट वर येते. दर दहा घमेल्यांनंतर दोरी पुन्हा सोडा. पंधरा-वीस फुटांऐवजी एकदम शंभर फूट भरल्याचं दिसलं, तर माल मध्येच अडकला आहे आणि खाली पोकळी आहे. मोठे दगड टाकले किंवा ट्रॉली थेट तोंडावर पालथी केली, की हमखास असं होतं. घरचा कचरा, औषधांचे डबे तर अजिबात नकोत. शेजाऱ्याची विहीर त्याच पाण्यावर आहे.

केसिंग विकून चार पैसे सुटतील म्हणून ते आधी उपसून ठेवणं, हा मला सगळ्यांत घातक व्यवहार वाटतो. पाइप निघाला की वरची माती ढासळते, तोंड रुंदावतं आणि झाकण बसायला काठच उरत नाही. केसिंग काढायचंच असेल, तर भराव त्याच दिवशी पूर्ण करा.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरावी लागते आणि ती नीट भरल्याचा दाखलाही घ्यावा लागतो. ठेकेदाराला उरलेले पैसे दाखला हातात पडल्यावरच द्या. भरायला चार दिवस लागणार असतील, तर तोवर केसिंगवर लोखंडी पत्रा वेल्डिंग करून घ्या. गोणपाट नको.

पहिल्या पावसाळ्यानंतर तोंडाभोवतीची माती खचते. त्यासाठी दोन पाट्या मुरूम आणि अर्धी गोणी सिमेंट बाजूला ठेवा.