वर्गातली ओल आणि मुलीचा खोकला

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा जुनी, कौलारू. जूनमध्ये शाळा सुरू झाली की थोड्याच दिवसांत तिला कोरडा खोकला लागतो, नाक चोंदतं, रात्री छातीत घरघर ऐकू येते. सुट्टी लागली की बरं वाटतं. वर्गाच्या मागच्या भिंतीवर काळे ठिपके पसरलेत, कुबट वास येतो. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, ‘‘कोकणात पावसाळ्यात हे असायचंच.’’ तिचा खोकला त्यामुळेच असेल का? आणि ही कोरोनाच्या वेळची काळी बुरशी तर नव्हे?
– एक आई, राजापूर तालुका

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ती भीती आधी जायला हवी. २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ म्हणून जिची धास्ती घेतली गेली तो म्युकरमायकोसिस. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या, स्टिरॉइडचे मोठे डोस घेतलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या रुग्णांना तो गाठतो. वर्गाच्या भिंतीवर दिसते ती बहुतेकदा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम अशा नेहमीच्या बुरशींपैकी. रंगावरून तिची जात कळत नाही आणि ती प्रयोगशाळेत तपासून घेण्यात पैसे घालवायचीही गरज नाही. डोळ्यांना डाग दिसतोय, नाकाला कुबट वास येतोय, एवढा पुरावा भिंत दुरुस्त करायला पुरेसा आहे.

आता खोकला. ओलसर, बुरशी धरलेल्या इमारतीत वावरणाऱ्यांना खोकला, घरघर, नाक चोंदणं आणि दम्याचा त्रास जास्त होतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वंच काढली. हवेत अमुक इतके बुरशीचे कण चालतील, अशी सुरक्षित मर्यादा त्यांना ठरवता आली नाही. सल्ला एवढाच की इमारतीत ओल राहू देऊ नका. लहान मुलांना त्रास अधिक होण्याचं कारण साधं आहे. वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि त्याच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात. नळीची आतली रुंदी निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा सोळापट वाढतो. म्हणून ज्या सुजेने गुरुजींना नुसतं खाकरावं लागेल, त्याच सुजेने तुमच्या लेकीची छाती वाजते.

तरीही खोकला भिंतीमुळेच, असं पत्रावरून सांगता येणार नाही. पावसाळ्यात विषाणूंची सर्दीही असते, आणि ओल घरातही असू शकते. पलंगामागची भिंत आणि कपड्यांचं कपाट एकदा नीट बघा. वहीत रोजची नोंद ठेवा : रात्री किती वेळा उठली, सकाळी घरघर होती का, शाळेत गेली होती का. शनिवार-रविवारचे दोन दिवस अंदाजाला कमी पडतात; गणपतीची सुट्टी जास्त उपयोगी. त्या दिवसांत खोकला उतरला आणि शाळा सुरू होताच परतला, तर संशय बळावतो. ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. दम्याचं निदान होऊन त्यांनी पंप दिला तर घाबरू नका. पंपाची ‘सवय लागते’ हा गैरसमज आहे आणि त्यापायी अनेक मुलं विनाकारण रात्री बसून काढतात. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, सलग वाक्य बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मात्र सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

राहिली भिंत. पाऊस आहे म्हणून बुरशी असणारच, हे मला मुळीच मान्य नाही. बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात, तुमच्या देवघरातसुद्धा. त्यांना रुजायला पाणी लागतं. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही की ती बुरशी धरते. परदेशी पुस्तकांत खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा असं लिहिलेलं असतं. जुलैत कोकणात बाहेरच ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असते, तेव्हा यंत्राशिवाय ते जमायचं नाही. आपल्या हातात आहे ते भिंत भिजू न देणं. त्यासाठी पाणी येतं कुठून ते शोधायला हवं. भर पावसात वर्गात उभं राहून बघा. डाग वरून खाली ओघळलेला असेल तर कौल सरकलंय किंवा फुटलंय. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंतच ओल असेल तर पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचतंय; चर खणला की फरक पडतो. ठिपके फक्त कपाटामागे किंवा कोपऱ्यात असतील तर तिथे वारा पोचत नाही; कपाट चार बोटं पुढे ओढा. पांढरट थर दिसला तर त्यावर पाण्याचा थेंब सोडा. विरघळला तर तो लोणा आहे, बुरशी नव्हे, पण ओलीची खूण तोही देतोच.

मुलांच्या ओल्या छत्र्या आणि रेनकोट वर्गात वाळत घालू नयेत. पडवीत दोरी बांधा. उघडीप मिळेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे लावावेत. पोषण आहाराच्या तांदळाची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर हवीत, कारण धान्यावरच्या काही बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते शिजवल्यानेही पुरतं जात नाही. बुरसलेला तांदूळ धुऊन वापरायचा नाही, टाकायचाच.

डाग साफ करायचे ते सुट्टीच्या दिवशी, मोठ्या माणसांनी, एन-९५ मास्क लावून. मुलांच्या हाती खराटा देऊन श्रमदान करून घेऊ नये. कोरडं खरवडलं की बीजाणू वर्गभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून घासावं, पुसावं, वाळू द्यावं. गिलावा पोकळ होऊन पोपडे सुटत असतील तर तेवढा काढून नवा करावा लागतो. ब्लिचिंग पावडर गिलाव्याच्या आत मुरलेल्या बुरशीपर्यंत पोचत नाही, आणि संडास धुण्याच्या ॲसिडशी मिसळली तर विषारी वायू सुटतो. ओल तशीच ठेवून वर ऑइलपेंट मारणं हा सगळ्यात वाईट उपाय. ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसात रंगासकट बाहेर येते. जुन्या भिंतींना चुन्याची सफेदी बरी, चुन्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे बुरशी सहजी धरत नाही.

हे सगळं गुरुजींच्या एकट्याच्या आवाक्यातलं नाही, म्हणून त्यांच्याशी भांडू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशी असावी, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि शाळा विकास आराखडा ही समितीच करते. समितीला अर्ज करताना ‘वर्गात बुरशी आहे’ एवढंच न लिहिता कुठल्या भिंतीला, कुठून पाणी येतं आणि काय दुरुस्ती हवी ते फोटोसह लिहा. मुलांना असा त्रास असलेल्या इतर पालकांच्या सह्या घ्या. तोवर मुलीची जागा त्या भिंतीपासून दूर, खिडकीजवळ करून द्यायला सांगा. घरांची शाकारणी पावसाआधी होते तशी शाळेचीही मे महिन्यात व्हायला हवी, आणि त्यासाठी ठराव व पैशाची तरतूद काही महिने आधी लागते. तेव्हा अर्ज याच आठवड्यात द्या आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.