दगडी प्रवाळ : टाकीतला समुद्र कसा सांभाळतात?

प्रवाळ म्हटलं की आपल्याला दगड किंवा झुडूप आठवतं. पण प्रवाळ हा प्राणी आहे. पॉलिप नावाचे इवलेसे जीव पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन चुनखडीचा सांगाडा रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं.

अमेरिका-युरोपात अनेक हौशी लोक अॅक्रोपोरासारखे नाजूक दगडी प्रवाळ घरी काचेच्या टाकीत वाढवतात. त्यांचा मुख्य नियम एकच : पाणी आज जसं आहे तसंच उद्याही हवं.

खारटपणा : समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. समजा, १०० लिटरच्या टाकीतलं ५ लिटर पाणी वाफ होऊन गेलं. मीठ काही उडून जात नाही, आपल्या मिठागरात होतं तसंच! म्हणजे ३५०० ग्रॅम क्षार आता ९५ लिटरमध्ये. लिटरला जवळपास ३७ ग्रॅम. म्हणून भर घालायची ती शुद्ध गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी : अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण. वाढणारं प्रवाळ हे दोन्ही रोज वापरतं. म्हणून नियमित चाचणी करून थोडं थोडं घालतात. कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम ठेवतात. एकदम जास्त घातलं तर फायदा सोडाच, प्रवाळ दगावू शकतं.

तापमान : साधारण २४ ते २६ अंश सेल्सिअस. पाणी फार तापलं की शैवाल प्रवाळाला सोडून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. ते लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. पाणी लवकर निवलं तर सावरू शकतं.

आता महत्त्वाचं. भारतात हा छंद करायचा नाही. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून तुकडा तोडून आणणं हा गुन्हा आहे. टाकीतलं पाणी तापलं तर पंखा लावता येतो. मालवणच्या प्रवाळाला ती सोय नाही.

करून पाहा : एका पेल्यात मिठाचं पाणी घ्या, पातळीची खूण करा आणि उन्हात ठेवा. चार दिवसांनी पातळी किती उतरली? मीठ कुठे गेलं? उत्तर वहीत लिहा.