पाठ १६ : साच्यातली कारागिरी

प्रस्तावना

जुन्या मोटारीची हौस असणारी माणसे आपल्या देशातील बहुतेक शहरांत आढळतात. कोणी ती मूळ रूपात जपतो, तर कोणी तिचे रूप आपल्या आवडीप्रमाणे बदलून घेतो. असा बदल करताना पत्र्याऐवजी पुष्कळदा 'फायबर' वापरतात. गॅरेजमध्ये 'फायबरचे काम' हा शब्द आपण ऐकला असेल. ते काम कसे चालते, त्यात कोणते धोके असतात आणि मोटारीचा कोणता भाग बदलावा व कोणता बदलू नये, हे या माहितीपर पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण
• फायबरचा भाग तयार करण्याच्या पायऱ्या क्रमाने सांगू शकाल;
• कामातील धोके व त्यांवरील खबरदारी स्पष्ट करू शकाल;
• प्रक्रियावर्णनात येणारी वाक्यरचना ओळखून तिचा वापर करू शकाल.

मूळ पाठ

काच ठिसूळ असते, हा आपला रोजचा अनुभव. परंतु हीच काच वितळवून तिचे केसाहून बारीक तंतू काढले, तर ते ओढ चांगली सहन करतात. या तंतूंची चटई, म्हणजे मॅट, रेझिन नावाच्या चिकट द्रवात भिजवली आणि ते रेझिन घट्ट झाले, की एक हलका व मजबूत पदार्थ तयार होतो. तोच फायबरग्लास. तो गंजत नाही आणि त्याला हवा तो आकार देता येतो. पत्र्याला आकार देण्यासाठी कारखान्यात अवजड दाबयंत्रे लागतात. फायबरला साचा, ब्रश आणि माणसाचे हात पुरतात.

म्हणूनच थोड्या संख्येने निघणाऱ्या मोटारींना हा पदार्थ सोयीचा ठरला. अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीने १९५३ साली 'कॉर्व्हेट' ही फायबरच्या बॉडीची मोटार काढली. पहिल्या वर्षी तिच्या अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे १९८२ साली बंगळुरूच्या सिपानी कंपनीची 'डॉल्फिन' ही लहान मोटार आली. तिचीही बॉडी फायबरचीच होती.

आता एक उदाहरण घेऊ. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी अनेकांच्या आठवणीत आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण हौशी लोकांनी जपलेल्या पद्मिनी आजही दिसतात. अशा एका मोटारीच्या बॉनेटवर मालकाला मधोमध उंचवटा हवा आहे, असे समजा. कारागीर हे काम तीन टप्प्यांत करतो : नमुना, साचा आणि प्रत्यक्ष भाग.

पहिला टप्पा नमुन्याचा. जाणता कारागीर मोटारीचे मूळ बॉनेट यासाठी वापरत नाही. भंगारातून तसेच दुसरे बॉनेट आणतो. त्यावर लाकूड किंवा पॉलियुरेथेन फोम चिकटवून उंचवटा घडवला जातो. थर्माकोल स्वस्त असला, तरी तो येथे चालत नाही. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन या द्रव्यात तो विरघळून जातो. आकार जमला, की त्यावर लांबी भरतात आणि जाड कागदापासून बारीक कागदापर्यंत क्रमाने घासतात. उंचवट्याच्या कडा अगदी सरळ उभ्या ठेवत नाहीत. त्यांना थोडा उतार देतात. उतार नसेल, तर पुढे साचा निघतच नाही. सर्वांत अधिक वेळ या टप्प्यात जातो आणि तो घालवलाच पाहिजे. कारण नमुन्यावरचा ओरखडा साच्यात उतरतो व साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक भागावर उमटतो.

दुसरा टप्पा साच्याचा. नमुन्यावर मेणाचे पाच-सहा थर दिले जातात व प्रत्येक थर पुसून चमकवला जातो. मेणाचे काम घाईने केले, तर साचा नमुन्याला कायमचा चिकटतो आणि दोन्ही वाया जातात. मेणावर जेलकोट हा दाट रेझिनचा थर व त्यावर मॅटचे थर चढवतात. साचा भागापेक्षा बराच जाड असावा लागतो. तो पिळवटू नये म्हणून त्याच्या पाठीवर लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या बसवतात. हे सर्व पूर्ण घट्ट होण्यासाठी काही दिवस थांबून मगच तो नमुन्यावरून काढतात.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष भागाचा. येथे कामाचा क्रम उलटा असतो. गणेशमूर्तीच्या साच्यात ओले प्लास्टर घालतात, तेव्हा साच्याला प्रथम टेकणारा थरच मूर्तीचा चेहरा बनतो. तसेच येथेही घडते. जो थर सर्वांत आधी लावला जातो, तोच शेवटी जगाला दिसतो. साच्याला पुन्हा मेण लावून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा जेलकोट दिला जातो. तो बोटाला चिकट लागावा, पण बोटावर येऊ नये, अशी स्थिती आली, की मॅट अंथरून तिच्यात रेझिन मुरवतात. ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या मॅटचा एक थर साधारण एक मिलिमीटर जाडी देतो. रोलर फिरवून आतील हवा काढली जाते. हवेचा बुडबुडा राहिला, तर त्या जागी पुढे जेलकोट फुटतो.

नुसते पातळ फायबर मात्र थरथरते. म्हणून बॉनेटच्या आतील बाजूस फायबरच्याच फासळ्या देतात. बिजागऱ्या व कुलूप यांच्या जागी धातूच्या पट्ट्या थरांमध्ये पक्क्या पुरतात. हे केले नाही, तर धावत्या गाडीचे बॉनेट उचलले जाऊन समोरच्या काचेवर आदळू शकते. दिसणाऱ्या बाजूची चमक मालक पाहतो. आतल्या पट्ट्या कोणी पाहत नाही. पण जीव त्यांच्यावर अवलंबून असतो.

धोका कामाच्या जागीही असतो. रेझिन घट्ट करण्यासाठी कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन द्रव्ये लागतात. ही दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत; स्फोट होऊ शकतो. प्रथम कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे आणि मगच हार्डनर घालावा. हार्डनरचे प्रमाण सहसा एक ते दोन टक्के असते. तरी डब्यावर छापलेले प्रमाणच पाळावे. उन्हाळ्यात मिश्रण लवकर घट्ट होते, म्हणून एका वेळी थोडेच तयार करावे. भांड्यात उरलेले मिश्रण तापून धूर सोडते. ते कोपऱ्यात ठेवून घरी जाऊ नये. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी जाण्याचा संभव असतो. तसे झाल्यास डोळा लगेच भरपूर पाण्याने धुवत राहावे व विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. चष्मा, हातमोजे, रेझिनच्या वाफेपासून व काचेच्या धुळीपासून रक्षण करणारा मुखवटा आणि मोकळी हवा ही कारागिराची खरी अवजारे होत. तोंडाला नुसता रुमाल बांधल्याने वाफ अडत नाही.

शेवटचा प्रश्न मर्यादेचा आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिची पत्र्याची बॉडीच सारा भार पेलते. बॉनेट किंवा डिकीचे झाकण फायबरचे करता येते, कारण ते केवळ आवरण आहे. तळाचा पत्रा व छताचे खांब यांना मात्र हात लावू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत. म्हणून परिवहन कार्यालयात आधी विचारणे शहाणपणाचे. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने वाहन मूळ रूपात राखलेले असेल, तरच त्याची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. म्हणून फायबरचे बॉनेट बोल्टने बसवावे आणि मूळ पत्र्याचे बॉनेट तेल लावून, गुंडाळून जपून ठेवावे. नवे घडवताना जुन्याकडे परतण्याची वाट मोकळी ठेवणे, हेही कारागिरीचेच अंग आहे.

शब्दार्थ

ठिसूळ – सहज तुटणारे. लांबी – खड्डे बुजवण्याचा लेप. पिळवटणे – वेडेवाकडे होणे. आवरण – वरचे आच्छादन. विनाविलंब – उशीर न करता.

पाठगत प्रश्न

१. नमुन्यासाठी थर्माकोल का वापरत नाहीत?
२. 'येथे कामाचा क्रम उलटा असतो' असे का म्हटले आहे?
३. योग्य पर्याय निवडा : रेझिनमध्ये प्रथम (हार्डनर / कोबाल्ट / मेण) मिसळावे.

भाषाभ्यास

पुढील वाक्ये पाहा.
(अ) कारागीर साच्याला मेण लावतो.
(आ) साच्याला मेण लावले जाते.

पहिल्या वाक्यात लक्ष कर्त्याकडे जाते. दुसऱ्यात कर्ता सांगितलेला नाही, क्रियेला महत्त्व आहे. दुसऱ्या रचनेला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी प्रयोग म्हणतात. प्रक्रियेचे वर्णन करताना ही रचना उपयोगी पडते. मात्र सावधगिरीची सूचना देताना 'मिसळू नये', 'ठेवावे' अशी विध्यर्थी रूपे येतात. पाठातून दोन्ही प्रकारची तीन-तीन वाक्ये शोधा.

'साचा' या शब्दावरून 'साचेबंद' हे विशेषण तयार झाले. 'साचेबंद उत्तर' म्हणजे ठरावीक, नावीन्य नसलेले उत्तर. कारागिराला साचा उपयोगाचा. लेखकाला मात्र साचेबंदपणा टाळावा लागतो.

आपण काय शिकलो?

• फायबरचा भाग नमुना, साचा व प्रत्यक्ष भाग या तीन टप्प्यांत तयार होतो.
• नमुन्यातील दोष पुढील प्रत्येक प्रतीत उतरतो.
• न दिसणारे काम आणि सुरक्षिततेची खबरदारी यांत तडजोड करता येत नाही.

स्वाध्याय

१. फायबरचे बॉनेट बसवल्यावर मूळ बॉनेट जपून ठेवावे, असे लेखक का सांगतो? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.
२. आपण स्वतः करत असलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या एखाद्या कामाच्या पायऱ्या क्रमाने लिहा. त्यातील कोणते काम शेवटी कोणालाही दिसत नाही, तेही सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनमध्ये थर्माकोल विरघळतो.
२. साच्यात सर्वांत आधी लावलेला थर तयार भागाची बाहेरची बाजू बनतो.
३. कोबाल्ट.