घोडा देऊन जिंकणारा ताल

मिखाईल ताल हा लॅटव्हियातील रीगा शहरचा ग्रँडमास्टर. जन्म १९३६. उजव्या हाताला तीनच बोटे. १९६० साली मॉस्कोत बॉटविनिकला हरवून तो तेविसाव्या वर्षी जगज्जेता झाला.

सहाव्या डावात त्याने आपणहून घोडा मारू दिला. बघ्यांनी एवढा गलका केला, की डाव आतल्या खोलीत न्यावा लागला! पुढे जाणकारांनी तपासलं, तर त्या चालीला उत्तर होतं. पण घड्याळ चालू असताना बॉटविनिकला ते सापडलं नाही. १९६१ मध्ये मात्र ताल आजारी होता, आणि हरला.

दादा म्हणतो, मोहरा फुकट घालवू नये. परवा मी मुद्दाम त्याला घोडा दिला. हरलोच. पण दादा बराच वेळ डोकं खाजवत बसला होता!