भुईचाफा

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. कोंकणांतून आलेल्या एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीच्या अंगणांतील भुईचाफ्याचा गड्डा कुंडींत लावून शाळेच्या बागेसाठीं आणिला. पावसाळाभर त्याचीं रुंद, नक्षीदार पानें पाहून आम्हां सर्वांस आनंद झाला. परंतु दिवाळीनंतर तीं पिंवळीं पडूं लागलीं व नाताळापर्यंत कुंडींत नुसती माती राहिली. "झाड मेलें," असें म्हणून मीं ती कुंडी मागील आंब्याखालीं रिकामी करविली. मुलगा हळूच म्हणाला, "सर, आजी म्हणते, तें निजतें." मीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. चैत्र सरतां सरतां त्याच आंब्याखालीं पाचोळा बाजूस सारून पांढरीं-जांभळीं फुलें वर आलीं! त्या दिवशीं मीं वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली, आणि नेमलेला धडा ठेवून आम्ही सर्व जण आंब्याखालीं गेलों. तेथें जें पाहिलें, तें येथें देतों.

नांवावरून फसूं नये. सोनचाफा, हिरवा चाफा व पांढरा चाफा हीं तीन निरनिराळ्या कुळांतील झाडें होत, आणि भुईचाफ्याचें त्यांपैकीं कोणाशींच नातें नाहीं. त्याचे खरे आप्त हळद, आलें आणि सोनटक्का. १७५३ सालीं लिनियसनें त्यास केंफेरिया रोटुंडा असें नांव दिलें. जपानांत राहून तेथील वनस्पतींचें वर्णन करणारा जर्मन वैद्य केंफर (१६५१–१७१६) याची ती आठवण आहे. मला मात्र आपलें देशी नांवच अधिक आवडतें. फूल भुईंतून निघतें व सुगंधी असतें. आणखी काय सांगावयाचें?

तें फूल नीट निरखून पाहावें. ज्यांस आपण सहज पाकळ्या म्हणतों, त्या खऱ्या पाकळ्या नव्हेतच. खऱ्या पाकळ्या तीन असून अगदीं अरुंद असतात. या कुळांत परागकण देणारा पुंकेसर एकच असतो. इतर पुंकेसरांपैकीं कांहींनीं पाकळ्यांचा वेष घेतलेला असतो. वरचे दोन शुभ्र भाग असेच झालेले आहेत, आणि खालचा जांभळा, मधोमध चिरलेला ओठ दोन पुंकेसर जुळून बनला आहे. वर्गांतील एकाही मुलास हें प्रथम खरें वाटलें नाहीं. उमललेलें फूल फार टिकत नाहीं, परंतु त्याच्या शेजारची कळी लवकरच त्याची जागा घेते.

या वेळीं झाडास एकही पान नसतें. मग फुलास अन्नपाणी येतें कोठून? गड्डा हलकेच उकरला म्हणजे उत्तर सांपडतें. त्याच्या मुळ्यांच्या टोकांस अंड्यासारख्या गांठी असतात. पावसाळ्यांत पानांनीं केलेली कमाई त्यांत सांठवलेली असते. तिच्या बळावर कडक उन्हाळ्यांत, पावसाचा थेंब नसतां, फूल येतें. येथें एक सावधगिरी हवी. बटाटा हें खोड असल्यामुळें त्यास डोळे असतात. या गांठी मुळांच्या असल्यामुळें त्यांस डोळे नसतात. नुसत्या गांठी लावणाराच्या हातीं कांहीं लागत नाहीं. डालियाचीही हीच रीत आहे. लावतांना गड्ड्याचा डोळा असलेला तुकडा घ्यावा.

जागा सावलीची असावी. आंबा-फणसाखालची, जेथें सकाळचें कोंवळें ऊन गाळून येतें, ती उत्तम. दुपारच्या उन्हांत पानें करपतात. माती भुसभुशीत असावी व तींत कुजलेला पाचोळा भरपूर घालावा. तुकडा सुमारें दोन इंच खोल ठेवावा. पाणी तुंबलें तर गड्डा सडतो. निजलेल्या महिन्यांत तर पाणी देऊंच नये. फूल जमिनीलगत असल्यानें गोगलगायी व आपलींच पावलें यांपासून त्यास जपावें लागतें. आम्ही भोंवतीं विटांचें लहानसें वर्तुळ केलें आहे, आणि पानें गेल्यावर तेथें नांवाची पाटी उभी राहते.

गड्डे आतां पुष्कळ वाढले आहेत. ज्या पालकांस हवे असतील, त्यांनीं पुढील उन्हाळ्यांत, फुलें सरल्यावर व पानें फुटण्यापूर्वीं, मुलाबरोबर एक रिकामा डबा पाठवावा. रानांतून उपटून आणूं नये. आमच्या आंब्याखालीं पुरेसे आहेत. पहिला वांटा त्या आजीबाईंकडे केव्हांच गेला.