उन्हाळी फळे-भाज्यांचे प्रदर्शन : बियांचा एक पाठ

परिसर अभ्यासाचे साहित्य ग्रामीण शिक्षकास दूर शोधावे लागत नाही. चंदगड तालुक्यात उन्हाळ्यात काजू उतरतो, फणस तयार होतो, रातांबे व करवंदे पिकतात. कामानिमित्त मुंबई-पुण्यास गेलेली मंडळीही मे महिन्यात गावी येतात. सर्व कुटुंबांचे प्रदर्शन शाळेत भरविण्यास हाच काळ योग्य होय.

अशी प्रदर्शने आपल्या देशात जुनी आहेत. उटी येथील उन्हाळी पुष्पप्रदर्शनाची परंपरा १८९६ पासूनची आहे. पुण्याच्या एम्प्रेस बागेतील प्रदर्शन जानेवारीत भरते. तेथे शोभेस मान असतो. आपला हेतू निराळा आहे. पूर्वी दुधी, दोडका, काकडी यांचे बी राख लावून चुलीवरच्या धुरात टांगलेले असे. चुली गेल्या, बाजारची पुडी आली आणि घरचे बी मागे पडले. आजीकडील बी व ते राखण्याची रीत नातवंडांच्या हाती पोहोचावी, हा प्रदर्शनाचा हेतू असावा.

मांडणी : प्रत्येक कुटुंबाने एक वस्तू आणावी. तिच्याशेजारी मुलाच्या अक्षरातील चिठ्ठी असावी : वस्तूचे गावातील नाव, बी वा रोप कोठून आले, पाणी कोणी घातले. ज्यांना जमीन नाही त्यांनी डब्यात वाढविलेले रोप किंवा ओंजळभर रानफळे आणावीत. कोणतेही मूल रिकाम्या हाताने दाराशी उभे राहू नये, याची काळजी शिक्षकाने आधीच घ्यावी.

पाठाचे मुद्दे :

१. काजूचे बोंडू हे खरे फळ नव्हे. तो फुगलेला देठ होय. त्याच्या टोकाशी लोंबणारी काजू-बी हेच खरे फळ. कच्च्या बीच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते; म्हणून मुलांना ती दातांनी फोडू देऊ नये.

२. रातांब्याची काही झाडे केवळ नरफुलांची असतात. त्यांना फळ धरत नाही.

३. सर्व बिया सारख्या टिकत नाहीत. दुधी, भोपळा, दोडका यांचे बी वाळवून पुढील हंगामापर्यंत ठेवता येते. फणस, आंबा, जांभूळ यांचे बी मात्र वाळले की मरते. ते ताजेच पेरले पाहिजे. या झाडांची फळे पावसाच्या तोंडावर पिकतात, यातील निसर्गाची योजना मुलांकडून काढून घ्यावी.

प्रयोग : एकाच फणसाच्या वीस आठळ्या घ्याव्यात. दहा लगेच ओलसर मातीत पेराव्यात. दहा महिनाभर उन्हात वाळवून मग तशाच मातीत पेराव्यात. शाळा उघडल्यावर प्रत्येक गटातील उगवण मुलांनी मोजावी व तिचे शतमान काढावे. गणित व विज्ञान यांचा मेळ आपोआप बसतो.

परीक्षण : आकारास गुण देऊ नयेत. सर्वांत मोठा भोपळा बहुधा सर्वांत मोठ्या विहिरीचा असतो. मुलाने दिलेली माहिती, राखलेले बी आणि ते शेजाऱ्यास देण्याची तयारी यांसच गुण असावेत. परीक्षकांत गावातील एखादी वृद्ध शेतकरी स्त्री अवश्य असावी. वाणांची पारख तिच्याइतकी इतरांस क्वचितच असते.

पाठपुरावा : प्रदर्शन संपताना बियांची देवघेव व्हावी. कोणी कोणास काय दिले, याची नोंदवही शाळेत ठेवावी आणि पुढील उन्हाळ्यात ती सर्वांसमोर उघडावी. ज्या घरी बी गेले तेथून ते पुन्हा टेबलावर आले, तर प्रदर्शन सफल झाले असे शिक्षकाने समजावे.